काचेत तांबडा पुढे, जांभळा मागे – हे नेमकं कसं?

खाडीकाठ
मंडळी, आमच्या घरामागे सुरूचं बन आहे आणि त्यात समुद्री गरुडाची जोडी दरवर्षी तेच घरटं डागडुजी करून वापरते. माझी दुर्बीण बाजारातली स्वस्तातली. गरुड सुरूच्या गर्द हिरव्यासमोर बसलेला असला की चित्र झकास. तोच उजळ आभाळासमोर पंख पसरून आला की पंखाच्या काळ्या पिसांना एका बाजूने जांभळी किनार आणि दुसऱ्या बाजूने पिवळट-हिरवी. पक्षी मधोमध धरला तर किनार जवळजवळ जाते, चित्राच्या कडेला सरकला की रुंद होते.

पुतणी दहावीला आहे. तिला दाखवलं तर म्हणाली, "काका, हे आमच्या पुस्तकात आहे. अपस्करण, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे होणं." काचेत तांबड्याचा वेग जास्त, जांभळ्याचा कमी, असं त्यात आहे म्हणे. मग तिनेच विचारलं की प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच असतो ना? काचेला कसं कळतं कोण तांबडा नि कोण जांभळा? तिच्या बाईंनी "तरंगलांबीनुसार" एवढं सांगून पुढचा धडा घेतला. मला तेवढंही सांगता आलं नाही. तानापिहिनिपाजा पाठ आहे, त्याच्या पुढचं कुणीतरी सांगा.

घाटावरचा
दुर्बीण बदला. धागा संपला.

आबोली
संपतोय कसला! वाचतेय.

पडवीतला प्राध्यापक
पुतणीला माझ्याकडून शाबासकी द्या. प्रश्न अगदी नेमका आहे.

"प्रकाशाचा वेग सारखा" हे निर्वाताबद्दल आहे. तिथे तांबडा, जांभळा, क्ष-किरण, रेडिओ लहरी, सगळ्यांना एकच वेग: सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. काचेत शिरलं की दृश्य प्रकाशातले सगळे रंग मंदावतात, पण सारखे मंदावत नाहीत. किती मंदावतात ते अपवर्तनांक सांगतो. निर्वातातल्या वेगाला त्याने भागलं की काचेतला वेग मिळतो.

भिंगांसाठी सर्रास वापरली जाणारी बीके-७ नावाची क्राउन काच घ्या. तांबड्यासाठी (तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर) अपवर्तनांक १.५१४३, निळ्यासाठी (४८६ नॅनोमीटर) १.५२२४. फरक तिसऱ्या दशांश स्थळावर आहे, म्हणून किरकोळ वाटतो. वेग काढून बघा. तांबडा सेकंदाला सुमारे १,९७,९७० किलोमीटर, निळा सुमारे १,९६,९२०. म्हणजे निळा सेकंदाला हजारभर किलोमीटरने मागे.

आणि वेग बदलला की तिरकस पडलेला किरण वाकतो. निळा जास्त मंदावतो म्हणून जास्त वाकतो. दुर्बिणीच्या भिंगाची कड म्हणजे एक पातळ लोलकच असतो, मध्यभाग जवळजवळ सपाट. तुमची किनार कडेला का वाढते ते त्यातच आलं.

रापणकर
माका एक सांगा प्राध्यापकांनू. हजार किलोमीटरचो फरक म्हणतास, मग खिडकेच्या काचेतून माका कोंबो दिसता तो आधी तांबडो नि मगे निळो कित्याक दिसणा नाय?

पडवीतला प्राध्यापक
रापणकर, हा प्रश्न मी परीक्षेत विचारायला हवा होता.

खिडकीची काच चार मिलिमीटर. तेवढ्या अंतरात निळा तांबड्याच्या मागे पडतो तो सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढा. शिवाय कोंबड्यावरून प्रकाश सारखा येतच असतो. आत्ताचा निळा आणि त्याच्या किंचित नंतरचा तांबडा एकत्र डोळ्यात शिरतात आणि डोळ्याला काही फरक कळत नाही. वेगातला फरक घड्याळाने पकडणं महाकठीण, कोनाने पकडणं सोपं. म्हणून तर लोलक लागतो.

कौलारू
मग खिडकीच्या काचेत रंग का फुटत नाहीत? आमच्या माजघरात काचेचं कौल आहे, त्यातून उन्हाचा झोत खाली येतो. चुलीच्या धुरात तो अख्खा दिसतो. पांढराच्या पांढरा.

पडवीतला प्राध्यापक
कारण दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ समांतर. आत शिरताना रंग फाकतात, बाहेर पडताना पुन्हा एकाच दिशेला लागतात. एकमेकांपासून केसभर सरकलेले असतात इतकंच. लोलकाचे पृष्ठभाग एकमेकांशी कोन करतात, त्यामुळे दुसऱ्या पृष्ठभागावर रंग आणखी फाकतात.

तुमचं माजघर म्हणजे तयार प्रयोगशाळा आहे हो. काळ्या पुठ्ठ्याला ब्लेडने बारीक फट पाडा, झोताच्या वाटेत धरा, फटीमागे साठ अंशाचा लोलक. तीन मीटरवरच्या भिंतीवर मघाच्या तांबड्या आणि निळ्यामध्ये पावणेचार सेंटीमीटर अंतर पडेल. फट नीट बारीक हवी. आणि लक्षात ठेवा, सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. तेवढ्यानेच प्रत्येक रंग त्या भिंतीवर पावणेतीन सेंटीमीटर पसरतो आणि शेजारच्या रंगावर चढतो. फट न लावता नुसता झोत लोलकावर घेतला तर मधला पट्टा पांढुरका राहतो आणि फक्त कडा रंगीत दिसतात. शाळेत बऱ्याच जणांचा प्रयोग इथेच फसतो.

कौलारू
करून बघतो. देवळातल्या जुन्या झुंबराचा एक सुटलेला लोलक घरात पडून आहे, तो चालेल?

पडवीतला प्राध्यापक
चालेल म्हणजे काय, धावेल. झुंबराची काच बहुधा शिशाची असते. शिसं घातलेल्या फ्लिंट काचेत तांबड्या-निळ्यातला फरक साध्या काचेच्या दुपटीच्या आसपास जातो. तुमच्या झुंबराची नेमकी काच आणि कोन मला ठाऊक नाही, पण एफ-२ नावाच्या फ्लिंट काचेचा साठ अंशाचा लोलक असेल तर त्याच भिंतीवर पावणेचारच्या जागी साडेआठ सेंटीमीटरच्या वर अंतर मिळतं.

संकासुर
आकडे झाले, कारण राहिलं. मी एका ठिकाणी वाचलं की काचेतले अणू प्रकाशकण गिळतात आणि थोड्या वेळाने परत सोडतात, म्हणून उशीर होतो. जांभळ्याला जास्त वेळा गिळतात. बरोबर?

पडवीतला प्राध्यापक
हे स्पष्टीकरण सगळीकडे फिरतंय आणि मला त्याचा मनापासून वैताग आहे.

अणूने कण गिळून पुन्हा सोडला तर तो कुठल्याही दिशेला आणि कुठल्याही क्षणी सुटेल. मग काचेपलीकडचं चित्र दिसणारच नाही, दुधी काचेसारखा धूसर उजेड दिसेल. शिवाय अणू ठराविक वारंवारतेचाच प्रकाश गिळतात. पारदर्शक काच पारदर्शक का? दृश्य प्रकाशातलं ती जवळजवळ काहीच गिळत नाही म्हणून.

मग होतं काय? प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर. ती काचेत शिरली की तिथले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलू लागतात. हे इलेक्ट्रॉन अणूंना बांधलेले आहेत, त्यांना स्वतःची एक लय आहे. ओटीवरचा झोपाळा आठवा. त्याच्या लयीपेक्षा फार सावकाश ढकलत राहिलात तर तो जेमतेम हलतो. ढकलण्याचा ताल त्याच्या लयीच्या जवळ न्याल तसा झोका मोठा होत जातो. काचेतल्या इलेक्ट्रॉनांची लय अतिनील भागात असते, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडे. दृश्य रंगांत जांभळा त्या लयीला सर्वांत जवळचा, तांबडा सर्वांत लांबचा. म्हणून जांभळ्याने इलेक्ट्रॉन जास्त हलतात.

हलणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःही एक बारीक लहर सोडतो. मूळ लहर आणि या असंख्य बारीक लहरी यांची बेरीज म्हणजे काचेतला प्रकाश. त्या बारीक लहरी मुळापेक्षा किंचित मागच्या ठेक्यात असतात, त्यामुळे बेरजेचे माथे थराथरागणिक मागे सरकतात. इलेक्ट्रॉन जितके जास्त हलतील तितकं हे मागे सरकणं जास्त. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लहर मंदावली. रंग मात्र बदलत नाही, कारण वारंवारता तीच राहते. आखडते ती तरंगलांबी.

तेव्हा पुतणीला सांगा, काचेला रंग ओळखावा लागत नाही. तिचे इलेक्ट्रॉन प्रत्येक तालाला कमीजास्त दाद देतात.

संकासुर
पटलं. पण लय ओलांडून पलीकडे गेलं तर? अतिनीलच्या पलीकडे तांबडा-जांभळा उलटं व्हायला हवं.

पडवीतला प्राध्यापक
होतंच. शोषणाच्या पट्ट्यात क्रम उलटतो. ले रू यांना १८६२ मध्ये आयोडीनच्या वाफेत आणि क्रिस्तियानसेन यांना १८७० मध्ये फुक्सिन रंगाच्या द्रावणात हे दिसलं. दृश्य प्रकाशातच ज्यांचं शोषण होतं असे पदार्थ होते ते, म्हणून डोळ्यांनी दिसलं. साध्या काचेत ही गडबड आपल्या नजरेच्या टप्प्याबाहेर होते.

चष्मेवाली
प्राध्यापक सर, आता दुकानातलं सांगते. कणकवलीकडे माझं चष्म्याचं दुकान आहे.

हा सगळा प्रकार आमच्याकडे एका आकड्यात येतो, आबे क्रमांक. एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचा. आकडा मोठा तितके रंग कमी फाकतात. साध्या प्लास्टिक लेन्सचा, म्हणजे सीआर-३९ चा, ५८. पॉलीकार्बोनेटचा ३०. पातळ लेन्स म्हणून जी १.६७ हाय इंडेक्स विकली जाते तिचा ३२. गिऱ्हाइकाला पातळ आणि हलकी लेन्स हवी असते, आबे क्रमांक कुणी विचारत नाही.

मग महिन्याभराने माणूस परत येतो. "मॅडम, चष्म्यात दोष आहे, ट्यूबलाइटच्या एका बाजूला निळं आणि दुसऱ्या बाजूला केशरी दिसतं." लेन्सच्या मध्यातून बघायला लावलं की नाही दिसत. मान न वळवता नुसते डोळे तिरके केले की दिसतं. माइनस सहाचा नंबर धरा आणि मध्यापासून दीड सेंटीमीटर बाजूने बघा. तीन मीटरवरच्या ट्यूबलाइटला सीआर-३९ मधून साधारण पाच मिलिमीटरची रंगीत कड येते, पॉलीमधून नऊची. पाचची बहुतेकांना जाणवत नाही, नऊची खुपते.

मोठा नंबर असेल तर मी आधी फ्रेम लहान घ्यायला सांगते. फ्रेम लहान की कडही आपोआप पातळ होते, महागडी लेन्स लागतेच असं नाही. आणि पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, नीट मोजून घ्या. ते चुकलं तर तुम्ही कायमच लेन्सच्या मध्याबाहेरून बघत राहता.

खाडीकाठ, दुर्बीण घेताना खोक्यावर "ईडी" काच लिहिलेली बघा. तिचा आबे क्रमांक मोठा असतो. दुकानात बसून भिंतीकडे बघू नका. बाहेर येऊन विजेचा काळा खांब आभाळासमोर धरा आणि तो मुद्दाम चित्राच्या कडेला न्या. तिथे जी किनार दिसेल तीच तुम्हाला गरुडावर दिसणार.

घाटावरचा
म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं तेच :)

खाडीकाठ
घाटावरचे, तुम्ही फुकट सांगितलंत म्हणून किंमत कळली नाही. चष्मेवाली ताई, खांबाची युक्ती एकदम कामाची. आभार.

आबोली
न्यूटनने हे आधीच शोधलं होतं ना? मग दुर्बिणी तेव्हाच का सुधारल्या नाहीत?

पडवीतला प्राध्यापक
न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकाचे प्रयोग केले आणि १६७२ मध्ये छापले. त्यातला सर्वांत सुंदर भाग दुसऱ्या लोलकाचा. पहिल्याने फाकलेल्या रंगांतला एकच रंग भोकातून पुढे सोडला आणि दुसऱ्या लोलकावर घेतला. तो वाकला, पण आणखी फुटला नाही. म्हणजे लोलक रंग तयार करत नाही, पांढऱ्यात असलेले वेगळे करतो.

भिंगांतला हा दोष काढता येणार नाही असं मात्र न्यूटनने ठरवून टाकलं आणि १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण बनवली. आरशात प्रकाश काचेत शिरतच नाही, सगळे रंग सारखे परततात. पुढे चेस्टर मूर हॉल यांनी १७३० च्या दशकात क्राउन आणि फ्लिंट या दोन काचांची भिंगं जोडून रंगदोष बराचसा मारला. १७५८ मध्ये जॉन डॉलंडने त्याचं पेटंट घेतलं. न्यूटनच्या शब्दाला वजन इतकं की मधल्या काळात फार कुणी वाटेला गेलं नाही.

विजयदुर्गचा पहारेकरी
लोलकाचा विषय निघाला आणि विजयदुर्गाचं नाव नाही? १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात आमच्या गडावरून हेलियमचा शोध लागला. साहेबाचे कट्टे अजून गडावर आहेत. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर साहेबाने तिथे दुर्बीण लावली होती.

संकासुर
पुरावा?

विजयदुर्गचा पहारेकरी
कट्टे हाच पुरावा. येऊन बघा. दर वर्षी १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिवस साजरा होतो.

संकासुर
कट्टे बघितलेत, मस्त जागा आहे. पण लॉकियर त्या ग्रहणाला हिंदुस्थानात नव्हता. तो इंग्लंडमध्ये होता आणि त्याने हेलियमची ती पिवळी रेषा, लोलकाने फाकवलेल्या सूर्यप्रकाशातली, २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच पाहिली, ग्रहणाशिवाय. ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला, लेफ्टनंट हर्शेल जमखिंडीला आणि पॉगसन मच्छलीपट्टणमला.

विजयदुर्गचा पहारेकरी
विजयदुर्ग खग्रास पट्ट्यात होता की नव्हता?

संकासुर
होता. त्याबद्दल वाद नाही. जमखिंडी आणि विजयदुर्ग जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. कट्ट्यांवरून ग्रहण कुणीतरी बघितलं असेलही. लॉकियरने बघितलं नाही, एवढंच म्हणतोय.

घाटावरचा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक
लॉकियर विजयदुर्गला होता का, यावर वेगळा धागा काढावा. इथे धाग्याचं काश्मीर करू नये, म्हणजे विषय भरकटवू नये.

पडवीतला प्राध्यापक
संपादक, एक मिनिट. यातला अर्धा भाग इथलाच आहे.

ती पिवळी रेषा दिसली कशी ते बघा. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश बारीक फटीतून लोलकांवर घेतला. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला असतात, ही नवी ५८७.६ ला. म्हणजे फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. एवढ्याशा फरकाने काचेतला वेग नखभरही बदलत नाही, अपवर्तनांक पाचव्या दशांश स्थळावर हलतो. तो कोन डोळ्याला दिसण्याइतका वाढवायला एकामागे एक अनेक लोलक लावावे लागत. काचेत रंगांचे वेग अजिबात वेगळे नसते तर लोलकाच्या वर्णपटमापीत ती रेषा सोडियमवरच बसली असती आणि कुणाला शंका आली नसती. लॉकियर आणि फ्रँकलंड यांनी ती कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नाही असं म्हटलं, आणि १८९५ मध्ये रॅमझीला क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून हा वायू पृथ्वीवर मिळाला.

आता मजा बघा. आज काचेच्या कारखान्याच्या तक्त्यात अपवर्तनांक म्हणून जो मुख्य आकडा छापतात तो बहुधा याच रेषेवर, हेलियमच्या ५८७.६ वर मोजलेला असतो. आणि चष्मेवाली ताईंच्या आबे क्रमांकासाठी जे तांबडा आणि निळा घेतात ते हायड्रोजनच्या ६५६.३ आणि ४८६.१ या रेषा.

चष्मेवाली
काय सांगता! सूर्याच्या तक्त्यावर मी कणकवलीत चष्मे विकतेय.

विजयदुर्गचा पहारेकरी
बघा, हेलियमशिवाय पान हलत नाही. वेगळा धागा काढतोच.

फायबरवाला
बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा. मी हायवेच्या कडेने टाकलेल्या ऑप्टिकल फायबरच्या देखभालीत आहे. पावसाळ्यात दरड, एरवी जेसीबी, केबल तुटायला निमित्त लागत नाही.

तुटल्यावर आम्ही ओटीडीआर लावतो. तो फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतो, तुटलेल्या जागेवरून परत यायला किती वेळ लागला ते बघतो आणि अंतर सांगतो. अंतर काढायला काचेतला वेग माहीत हवा, म्हणून त्यात अपवर्तनांक भरावा लागतो. १५५० नॅनोमीटरला साधारण १.४६८. कुणी घाईत १.४६३ ठेवला तर चाळीस किलोमीटरवरचा बिघाड दीडशे मीटरच्या आसपास सरकलेला दाखवतो. भर पावसात तेवढं चुकीच्या जागी खणून बघा, मग तिसऱ्या दशांश स्थळाची किंमत कळेल.

आणि रंगांचा फरक तर आमच्या रोजच्या जेवणातला. लेझर म्हणजे एकच रंग नव्हे, बारीक का होईना पट्टा असतो. साध्या फायबरमध्ये १५५० ला एक नॅनोमीटर रुंद पट्टा दर किलोमीटरला १७ पिकोसेकंद पसरतो (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). पट्टा ०.१ नॅनोमीटर धरला तर ऐंशी किलोमीटरला १३६ पिकोसेकंद. दहा जीबीपीएसला, म्हणजे सेकंदाला हजार कोटी बिट पाठवताना, एका बिटच्या वाट्याला १०० पिकोसेकंद येतात. म्हणजे एक बिट शेजारच्याच्या अंगावर. म्हणून मध्ये उलट्या स्वभावाचं फायबर लावतात, जे मागे पडलेल्याला पुढे आणतं.

पण प्राध्यापक सर, एक खटकतंय. आमच्याकडे १५५० ला छोट्या तरंगलांबीचा भाग आधी पोचतो. तुम्ही तर म्हणता निळा मागे पडतो.

पडवीतला प्राध्यापक
फायबरवाले, तुम्ही धाग्याला खोल पाण्यात नेलंत.

मी वर जे वेग दिले ते लहरीच्या माथ्यांचे. तुमचा ठोका म्हणजे अनेक तरंगलांब्यांची मोळी. मोळी ज्या वेगाने सरकते तो गटवेग, आणि तुमच्या मशीनमधला १.४६८ हा गटवेगाचाच आकडा. कोशीने १८३६ मध्ये दिलेलं जुनं सूत्र आहे: अपवर्तनांक म्हणजे एक स्थिर संख्या, अधिक दुसरी संख्या भागिले तरंगलांबीचा वर्ग. त्यावरून गटवेगाचं गणित मांडलं तर दृश्य प्रकाशात रंगारंगांतला फरक माथ्यांच्या फरकाच्या तिप्पट निघतो.

पण तरंगलांबी वाढवत अवरक्तात गेलात की कोशीचं सूत्र थकतं. काचेला आणखी एक लय आहे, ती अणूंच्या स्वतःच्या हलण्याची, अवरक्तात. ती उलट बाजूने ओढते. साध्या फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरच्या आसपास दोन्ही ओढी फिटतात आणि पसरणं जवळजवळ शून्य होतं. त्याच्या पलीकडे, म्हणजे तुमच्या १५५० ला, मोळ्यांचा क्रम उलटा: लहान तरंगलांबी पुढे. माथ्यांचा क्रम मात्र तिथेही जुनाच राहतो.

फायबरवाला
म्हणूनच १३१० ला पसरणं जाणवत नाही! वर्षानुवर्षं १३१० आणि १५५० दोन्हीवर टेस्ट घेतोय, दोन्हींतला फरक आज कळला.

रापणकर
तुमचा फायबर माका कळला नाय, पण लाटांचा कळता. वारो नाय, आभाळ मोकळा, नि तरी लांब लांब सावकाश लाटा येवक लागतत. म्हातारे होडी वर काढूक सांगतत. मगे एक-दोन दिसांनी बारके, दाट लाटा येतत. ह्या पण तसलाच काय?

पडवीतला प्राध्यापक
तसलंच नव्हे, तेच. खोल समुद्रात लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो, फक्त कारण काच नसून गुरुत्वाकर्षण. तिथे लांब लाट वेगवान. पंधरा सेकंदांनी येणाऱ्या लाटांचा गट ताशी ४२ किलोमीटरने सरकतो, आठ सेकंदांनी येणाऱ्यांचा साडेबावीसने. हजार किलोमीटरवर वादळ झालं तर पहिल्या लाटा दिवसभरात किनाऱ्याला लागतात, दुसऱ्यांना पावणेदोन दिवसांच्या वर. वादळात सगळ्या एकत्र उठलेल्या, वाटेत वेगळ्या झाल्या. हैदराबादची इन्कॉइस संस्था अशा लांबून येणाऱ्या लाटांचे इशारे देते, तुमचे म्हातारे होडी वर काढून तेच करतात.

आबोली
आणि इंद्रधनुष्य? श्रावणात सकाळी आमच्याकडे समुद्रावर दिसतं. मुंबईच्या माझ्या जावेला पटतच नाही, ती म्हणते इंद्रधनुष्य संध्याकाळचं.

पडवीतला प्राध्यापक
जावेला सांगा, सूर्य पाठीशी हवा. सकाळी तो पूर्वेला, म्हणजे धनुष्य पश्चिमेला, आणि आपल्या पश्चिमेला समुद्र. तांबडा कडा सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेपासून ४२ अंशांवर, जांभळा ४० च्या जरा वर. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर चढला की जमिनीवरून बघणाऱ्याला ते दिसत नाही.

एक गंमत ट्रॉलरवरच्यांसाठी. पावसाचं धनुष्य समुद्राला टेकतं तिथे लाटेचे तुषार उडत असतील तर तुषारांतला तुकडा पावसाच्या धनुष्याशी जुळत नाही, किंचित आत सरकलेला दिसतो. खाऱ्या पाण्याचा अपवर्तनांक गोड्यापेक्षा जरासा जास्त, म्हणून त्याचं धनुष्य जवळजवळ एक अंशाने लहान.

रापणकर
आणखी एक इचारतंय. सूर्य बुडताना शेवटची कोर कधीमधी हिरवी होता. एकदम, नि गेली. माझ्या पोरग्याक सांगलंय तर तो म्हणता बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू. ह्या खरा काय माझा मन म्हणता?

पडवीतला प्राध्यापक
खरं आहे, पोराला हा धागा दाखवा. हवेचंही अपवर्तन असतं. क्षितिजावर ते अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा भूमितीने तो अख्खा बुडालेला असतो, हवा त्याला उचलून धरते. ती निळ्या-हिरव्याला तांबड्यापेक्षा किंचित जास्त उचलते. म्हणजे रंगारंगांच्या अनेक थाळ्या एकावर एक, जेमतेम सरकलेल्या. तांबडी आधी बुडते, हिरवी क्षणभर उरते. क्षितिज स्वच्छ हवं आणि समुद्रासारखं सरळ हवं. दुर्बिणीने बघायचं तर अगदी शेवटची कोर उरल्यावरच, त्याआधी चुकूनही नाही. डोळा जाईल.

संकासुर
मग शेवटी निळी किंवा जांभळी का उरत नाही? ती तर सगळ्यांत जास्त उचलली जायला हवी.

पडवीतला प्राध्यापक
उचलली जाते, पण आपल्यापर्यंत पोचत नाही. मावळतीचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो आणि जांभळा-निळा वाटेतच इकडेतिकडे विखुरला जातो. उरलेल्यांत सर्वांत वरचा हिरवा. हवा विलक्षण स्वच्छ असेल तर निळी कोरही दिसते, पण ती फार क्वचित.